मंगलताई शिकारीला जातात

सुपरमार्केटात मंगलताई चिकनचं पाकीट उचलतात, उजेडाकडे धरतात आणि माल लावणाऱ्या पोराला विचारतात, "हा कोंबडा आयुष्यात कधी पळाला होता का?" अगदी डचमध्ये विचारतात. पोरगं गोंधळतं आणि पाकिटावरची तारीख दाखवतं. मंगलताई पाकीट परत ठेवतात, माझ्याकडे वळतात आणि म्हणतात, "बघ, ह्याला पण ठाऊक नाही. मग चव कुठनं येणार?"

हे डच वाक्य त्यांना मी शिकवलं. आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे काही झालं त्याचं श्रेय मला कुणीच दिलेलं नाही.

हूफडॉर्प ह्या डच गावात आमची घरं एकाच ओळीत आहेत, मधे दोन दारं सोडून. मंगलताई मूळच्या कागलच्या. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आल्या आणि आल्या दिवसापासून इथल्या मांसाशी त्यांचं भांडण सुरू आहे. मटण म्हणजे रबर, चिकन म्हणजे कापूस आणि मासे म्हणजे आजाऱ्याचं जेवण. त्यात त्यांच्या मुलाने, निनादने, मांसच सोडलं. तो एनस्खेडेला इंजिनिअरिंग शिकतो. कधीमधी घरी येतो तेव्हा स्वतःचा डबा घेऊन येतो आणि आईच्या टेबलावर बसून तो डबा उघडतो. मंगलताई त्याबद्दल एवढंच म्हणतात, "पोराला काय दोष द्यायचा? इथल्या कोंबडीलाच चव नाही."

तर ते वाक्य. ते घेऊन त्या एक दिवस हेंक नावाच्या शेतकऱ्याकडे गेल्या. त्याच्या शेताबाहेर अंडी आणि कांदे विकायला ठेवलेले असतात. "तुझ्या कोंबड्या पळतात का?" असं त्यांनी विचारल्यावर हेंक इतका हसला म्हणे, की त्याने त्यांना थेट आत नेऊन कोंबड्या पळवून दाखवल्या. मग त्याने शेतात उतरलेल्या रानटी गीज दाखवल्या. गीज म्हणजे आपल्या बदकांचे थोराड भाऊबंद. हे पक्षी सगळं कोवळं गवत फस्त करतात, शिवाय पलीकडच्या विमानतळावरच्या विमानांना त्यांची भीती, म्हणून हेंक आणि त्याचे मित्र परवानगी काढून त्यांची शिकार करतात. "आणि खातं कोण?" मंगलताईंनी विचारलं. हेंकने खांदे उडवले.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की त्या शिकारीचा परवाना काढणार.

आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसले. ती परीक्षा सोपी नाही. पुस्तक डचमध्ये, कायदे डचमध्ये, पक्ष्यांची नावं डचमध्ये, आणि वर हवेत उडवलेल्या थाळ्या बंदुकीने फोडून दाखवायच्या. मंगलताईंचं डच म्हणजे खडी टाकलेला रस्ता. पण त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर बदकांची चित्रं चढली. फोडणी करता करता त्या शेपट्या आणि चोची पाठ करू लागल्या. पहिल्या वेळी नापास झाल्या तेव्हा मी त्यांच्यासाठी शिरा घेऊन गेले आणि मनापासून समजूत घातली. दुसऱ्या वेळी त्या पास झाल्या. तेव्हा मी काही नेलं नाही.

आता माझं दुखणं सांगते. मी इथली भाषेची परीक्षा वरच्या पातळीची पास आहे. नगरपालिकेचं कसलंही पत्र आलं की आमच्या ओळीतले लोक माझ्याकडे धावतात. मंगलताईही यायच्या. शेजारच्या डच बाई मला कॉफीला बोलावतात, पण तीन आठवडे आधी तारीख ठरवून, आणि एक बिस्किट झालं की डब्याचं झाकण लावतात. इतक्या वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारलेली नाही. मी त्यांची 'बुअरव्राऊ', म्हणजे शेजारीणबाई. आणि मंगलताई सायकलवरून निघाल्या की हेंक ट्रॅक्टरवरून ओरडतो, "मांखला!" हे 'मंगला'चं त्याचं डच रूप. त्याची बायको त्यांना सफरचंदाचा केक देते. एकदा त्यांच्याकडे पत्र आलं तेव्हा त्यांनी ते परस्पर हेंकला दाखवलं. मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्या दारावरून गेलेच नाही, वळसा घालून बसस्टॉपला गेले.

म्हणून त्यांच्या पहिल्या शिकारीला "तू पण ये की, सोबत होईल मला," असं त्यांनी म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. नुसतं बघायला जाणाऱ्याला परवाना लागत नाही, गप्प बसता आलं म्हणजे झालं. मला त्यांचा नेम चुकलेला बघायचा होता. दुसरं काही कारण नव्हतं.

पहाटे हेंकने गवतात प्लॅस्टिकच्या खोट्या गीज मांडल्या आणि आम्हाला पाण्याच्या चराकाठी, बोरूच्या झुडपात, जाळीखाली बसवलं. तो स्वतः थोडा पलीकडे पक्ष्यांना बोलवायची शिट्टी घेऊन बसला. थंडी अशी की नाक आहे की गेलं कळेना. मंगलताईंच्या दोन्ही मनगटांवर पायमोजे चढवलेले होते.

"हे काय?" मी कुजबुजले.

"बांगड्या वाजतील ना. काचेच्या आहेत. हेंक म्हणाला काढ, म्हटलं ते जमायचं नाही."

एरवी ही बाई झोपेतही बोलत असेल. पण तिथे त्या अशा काही बसल्या की श्वास घेताहेत की नाही, कळू नये. बंदूक मांडीवर आणि डोळे आकाशात. पलीकडे हेंकने शिट्टी वाजवली, मग त्यांच्याकडे बघून अंगठा वर केला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. माझ्या खिशात चिवड्याचं पाकीट होतं. ते नुसतं चुरगाळलं असतं तरी सगळं आकाश रिकामं झालं असतं. माझा हात खिशात गेला आणि पाकिटावर थांबला.

तेवढ्यात पायमोजा घातलेला हात माझ्या मनगटावर आला.

"हलू नको," त्या म्हणाल्या. मग ओठ न हलवता पुढे बोलल्या, "निनाद रविवारी येतोय. आज मिळायला पाहिजे गं."

"निनाद? तो तर खात नाही."

"दोन वर्षांपूर्वी जेवताना म्हणाला होता, मरेपर्यंत मोकळं फिरलेलं जनावर असेल तर खाईन. असंच बोलून गेला असेल. त्याच्या लक्षातही नसेल." त्या आकाशाकडेच बघत होत्या. "पण दुसरं काही म्हणालाच नाही ना तो. एवढंच म्हणाला. मग मी तेवढंच धरून बसले."

मी हात खिशातून बाहेर काढला.

गीज आल्या. आधी आवाज आला, मग एक लांबलचक रेघ, मग ती रेघ वाकडी होऊन आमच्या डोक्यावर उतरू लागली. पंखांखालची पिसंसुद्धा दिसत होती. मंगलताई उठल्या. पहिला बार फुकट गेला. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचा तरी नेम लागावा म्हणून देवाचं नाव घेतलं. दुसऱ्या बाराला एक पक्षी गवतात पडला.

हेंक ओरडत, हसत धावत आला. मंगलताई मात्र सावकाश गेल्या, पक्ष्याजवळ उकिडव्या बसल्या आणि त्याची विस्कटलेली पिसं हाताने सारखी केली. "माफ कर बाई," असं काहीतरी म्हणाल्या. परत येताना गाडीत त्या पुन्हा नेहमीसारख्या झाल्या आणि ह्या पक्ष्याला मसाला किती लागेल यावर घरापर्यंत बोलत राहिल्या.

रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. "तू साक्षीदार आहेस, नाहीतर त्याला पटायचं नाही." टेबलावर तांबडा रस्सा, भाकरी, कांदा. निनाद आला. पिशवीतून त्याने स्वतःचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि रश्श्याकडे बघितलं. मंगलताई भाकऱ्यांवरचं फडकंच सारखं करत राहिल्या, म्हणून मीच सगळं सांगितलं. परवाना, टाइल्सवरची बदकं, मनगटावरचे पायमोजे.

"वेट, आई," तो म्हणाला. "तू स्वतः? ती परीक्षा डचमध्ये असते."

"तू म्हणाला होतास," मंगलताई म्हणाल्या. "मोकळं फिरलेलं."

त्याने डबा बाजूला सरकवला आणि भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला.

त्या पक्ष्याचं मांस चिवट होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. कुकरच्या इतक्या शिट्ट्या होऊनही दातांना काम होतं. निनाद चावत राहिला. मधेच त्याच्या दाताखाली एक छर्रा आला. तो त्याने काढून ताटाच्या कडेला ठेवला, टक् आवाज झाला, आणि तो पुढे जेवू लागला.

माझी लेक त्या वेळी घरी आपल्या खोलीत बसून खोक्यातल्या नूडल्स खात होती. ती काय खाईन म्हणते, कशाला नाही म्हणते, हे मी शेवटचं कधी ऐकून घेतलं होतं, मला आठवेना. हेंक आणि त्याच्या केकचा हेवा मला पुष्कळ वाटला होता, पण त्या टेबलावर जो वाटला तो पोटात दुखेल असा होता.

काहीतरी बोलावं, निनादला विचारावं, "काय रे, कसं झालंय?", म्हणून मी तोंड उघडलं.

टेबलाखाली माझ्या मनगटावर एक हात आला. आज त्यावर पायमोजा नव्हता, पण बांगड्या वाजल्या नाहीत. मंगलताई माझ्याकडे बघत नव्हत्या. ताठ बसून, श्वास धरून त्या मुलाच्या ताटाकडे बघत होत्या.

निनादने हात पुढे केला आणि आणखी एक भाकरी घेतली. मी हलले नाही.