डेल्बर्टचं बिस्किटगीत आणि ऑर्फाचं उत्तर

रडकी गाणी गाऊन आपलं भलं होणार नाही, आता लोकांना हसवायचं, असं डेल्बर्ट क्रॅब्ट्रीने एका गुरुवारी दाढी करता करता ठरवलं. निर्णय एवढासाच होता. गालाला साधं खरचटलंसुद्धा नाही.

१९५१ सालच्या टेनेसीत ज्याच्या घरी गिटार होती तो प्रत्येक जण रडतच होता. डेल्बर्ट आठवडाभर लाकडाच्या वखारीत कारकुनी करायचा आणि शनिवारी सकाळी गावच्या रेडिओवर, समोर बसलेल्या श्रोत्यांपुढे, एखादं गाणं म्हणायचा (तेही दुसऱ्या कुणाचा घसा बसला तर). त्याला तिथे कायमची जागा हवी होती. महिनाअखेरीला ती कुणाला तरी मिळणार होती, आणि ती आपलीच, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. शंका या प्रकाराशी त्याची ओळखच नव्हती.

तेव्हा एक गाणं घरोघर वाजत होतं. प्रेयसीचं काळीज दगडाचं, म्हणून एक माणूस तीन कडवी रडतो. डेल्बर्टने चाल तशीच ठेवली, काळीज काढलं आणि तिथे बायकोची बिस्किटं घातली. रोज सकाळी भट्टीतून निघणारी, रश्शात बुडवून खायची ही मऊ बिस्किटं म्हणजे तिथल्या बाईची अब्रूच. खरं तर ऑर्फाची बिस्किटं फक्कड व्हायची. सहा खाऊनच तो गाणं लिहायला बसला होता.

"ऑर्फा, शनिवारी पहिल्या रांगेत बस. गाणं तुझ्यावर आहे."

"माझ्यावर? चल, काहीतरीच!" ऑर्फा लाजली. पंधरा वर्षांच्या संसारात हे पहिलंच. तिने केस कुरळे करून घेतले आणि त्याला नवा शर्ट शिवला. हॉलिसच्या गिरणीचं पीठ फुलाफुलांच्या कापडी पिशव्यांतून यायचं आणि पीठ संपलं की गावातल्या बायका त्याच कापडाचे कपडे शिवायच्या.

शनिवारी निवेदक लॉनी पेटिग्रू माईकपुढे ओरडला, "मंडळी, आजचा कार्यक्रम हॉलिस गिरणीतर्फे! याच पिठाची बिस्किटं होतात कापसासारखी हलकी! आणि आता ऐका, डेल्बर्ट क्रॅब्ट्री!"

त्याच पिठाच्या पिशवीचा शर्ट घालून डेल्बर्ट पुढे आला आणि त्याने गळा मोकळा सोडला:

"बिस्किट तुझं पडलं माझ्या पायावर,
महिनाभर होतो मी खाटेवर!
कुत्र्याने चावलं, त्याचा दात पडला,
उरलेल्यांचा अंगणात चौथरा घडला!"

पुरुष पोट धरून हसले. बायका मात्र त्याच्या शर्टाकडे बघत होत्या. काचेपलीकडे मिस्टर हॉलिस उभे राहिलेले दिसले. आपल्या सन्मानार्थच ते उठले, असं डेल्बर्टला वाटलं.

"अरे, काय करून बसलास?" लॉनीने त्याला बाहेर गाठलं.

"लोकांना हसवलं."

"पीठ कुणाचं?"

"कसलं पीठ?"

"अंगात घातलंयस ते, शहाण्या! मालक म्हणतात, पुढच्या शनिवारी हे निस्तरा, नाहीतर कार्यक्रम बंद. तुझी जागा राहिली बाजूलाच."

घरी ऑर्फा खुर्चीत बसून होती. "मी केस कुरळे करून घेतले होते रे," ती एवढंच म्हणाली. तेव्हा मात्र डेल्बर्टला खरोखर वाईट वाटलं. आठवडाभर न्याहारीला आदल्या दिवशीचा उरलेला मक्याचा पाव मिळाला, त्याचं तर फारच वाईट वाटलं.

पुरुषाने गाण्यात बाईला नावं ठेवली, की एखाद्या बाईने त्याच चालीवर उत्तर द्यायचं, हा तिथला रिवाज. लॉनी गाणारी शोधत आला तेव्हा ऑर्फा म्हणाली, "शोधता कशाला? मीच देते उत्तर."

"तुला गाता येतं?" डेल्बर्टने विचारलं.

"पंधरा वर्षं चर्चमध्ये तुझ्या शेजारी उभी राहून गातेय. तुझ्या आवाजात तुला ऐकू कसं जाणार?"

शनिवारी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली:

"दगड म्हणतो माझ्या बिस्किटाला,
सहा गिळून ढेकर देतो कशाला?
घोरायला लागला की हलतं घर,
शेजारचं गाढव देतं उत्तर!"

लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. चार वेळा गाणं म्हणवून घेतलं. मिस्टर हॉलिसनी डोळे पुसले आणि कायमची जागा तिथल्या तिथे ऑर्फाला देऊन टाकली.

"आणि मी?" डेल्बर्टने विचारलं.

लॉनीने डोकं खाजवलं. "गाण्यात ते गाढव आहे ना, तिथे कुणीतरी ओरडलं तर मजा येईल."

"कायमचं?"

"हो, कायमचं."

डेल्बर्टने लगेच होकार दिला. आठवडाभर वखारीत गिऱ्हाइकांदेखत सराव केला आणि शनिवारी असा जीव ओतून ओरडला की ऑर्फासुद्धा दचकली.

सोमवारी पत्रांचा ढीग आला. लॉनीने वरचंच वाचलं: "ऑर्फाबाईंचं गाणं अप्रतिम. पण त्यासाठी खरं गाढव आणून त्या मुक्या जिवाचे हाल कशाला करता? एखाद्या माणसाकडून आवाज काढून घ्या."

"बघा!" डेल्बर्टची छाती फुगली. "याला म्हणतात कला!"

मिस्टर हॉलिसना मात्र पत्र पटलं. पुढच्या शनिवारपासून त्यांनी त्या कामावर एक माणूस ठेवला.