सरजाबाईंचा तांब्या

नासिरच्या चाळणीनं पहिल्याच दिवशी अख्खी गल्ली घराबाहेर काढली, आणि पळणाऱ्यांत सगळ्यांत पुढं होता तो स्वतः नासिर.

चाळणी सोयाबीनची होती. अहमदपुरातल्या आपल्या वेल्डिंगच्या दुकानात त्यानं ती जुन्या कूलरच्या मोटारीवर जोडली होती. माती, कचरा, फुटका दाणा खाली आणि टपोरा दाणा थेट पोत्यात. शेतकऱ्यानं घरचंच बियाणं निवडून पेरावं, बाजाराचं तोंड बघू नये, हा त्याचा ध्यास. त्यानं बटण दाबलं आणि चाळणी थडथडू लागली.

भिंतीपलीकडं सरजाबाईंचं घर. भूकंपाच्या वर्षापासून त्यांच्याकडं उपड्या पेल्यावर तांब्या उभा असे. तांब्या पडला की जमीन हलली समजायचं आणि पळायचं. तो पडला.

"हाललं गं बाई! पळा!"

ही हाक कानावर आली की त्या मुलखातला माणूस कारण विचारत बसत नाही. आई अमीरबीचा हात धरून, मशीन तसंच चालू ठेवून नासिरनं मैदान गाठलं. वरच्या मजल्यावरच्या क्लासची पोरं सराव परीक्षा टाकून खाली आली, शिवमूर्ती सर त्यांच्याही पुढं. सरजाबाईंची भांडी आत वाजतच होती, त्यामुळं परत जायची कुणाची छाती होईना. अखेर लाइट गेली आणि भूकंपही थांबला. तेव्हा कुठं नासिरच्या डोक्यात उजेड पडला आणि त्यानं आत जाऊन मशीनचं बटण बंद केलं.

तोवर बातमी चाकूरला पोचली होती. सरजाबाईंची बहीण चांगुणा जीप करून रडत आली. बहीण निवांत भाकरी थापताना बघून तिला रागच आला.

"दुकान हलवा इथून!" शिवमूर्ती सर कडाडले. "पोरं डॉक्टर व्हायच्या आधी पेशंट व्हायलीत!"

मशीन बघायला आलेल्या कृषी अधिकाऱ्यांनी तोडगा काढला. "सोमवारी तांब्या मशीनजवळ ठेवू. टिकला तर पास, मी मशीनची सरकारकडं शिफारस करतो. पडला तर दुकान गावाबाहेर."

नासिरनं ट्रॅक्टरचा जुना टायर कापून मशीनच्या पायांखाली घातला. तरी तो पुन्हापुन्हा वाकून टायर चाचपत होता.

"एवढा कशाला भितोस रे? तांब्याच हाय," सरजाबाई म्हणाल्या.

"मावशी, त्या तांब्यावर माझं दुकान उभं हाय."

सोमवारी सगळ्यांचे डोळे तांब्यावर खिळले. नासिरनं बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं. तांब्या ठणकन खाली पडला.

"फेल!" शिवमूर्ती सर म्हणाले.

नासिरनं काकुळतीनं चाळणीकडं पाहिलं. चाळणी गप्प उभी होती. वरचा बल्ब विझलेला होता.

"साहेब!" तो आनंदानं ओरडला, "लाइटच न्हाई! मशीन बंद हाय! हे खरंखुरं हाललंय साहेब, मी पास!"

दुकान क्षणात रिकामं झालं. दारात उभा राहून नासिर एकटाच हसत होता.

"बाहर निकल, दीवाने!" अमीरबीनं कॉलर धरून त्याला मैदानात ओढलं. तिथं त्यानं साहेबांची बाही पकडली.

"पास ना, साहेब?"

"अरे, पण मशीन चाललं कुठं अजून?" एका पायात चप्पल नसलेले साहेब धापा टाकत म्हणाले.

तेवढ्यात लाइट आली. रिकाम्या दुकानात चाळणी सुरू झाली.

"चाललं! चला आत, तांब्या उभा करून बघू."

साहेबांनी दुकानाच्या जुन्या भिंतीकडं पाहिलं, मग आपल्या अनवाणी पायाकडं.

"पास," ते म्हणाले.