चौघांची वाटणी

चौलला नानांच्या ओटीवर चहा फुकट मिळत नाही. आधी कान द्यावे लागतात. माणूस टेकला की नाना मोबाइल स्पीकरला जोडतात आणि वाजायच्या आधीच त्यातल्या चार वाद्यांची वाटणी करून टाकतात. मला पहिलं व्हायोलिन, आमच्या हिला दुसरं, पोस्टमन आला असेल तर त्याला खर्जातला चेलो, आणि व्हायोला स्वतःला. मग बोट वर करून म्हणतात, "ज्यानं त्यानं आपापल्या वाटणीचं ऐकायचं."

नानांची सुपारीची वाडी आहे, तीन भावांत वाटलेली. त्यांचं म्हणणं असं की, सामायिकात ठेवलं की कुणाचंच लक्ष राहत नाही. वाद्यांचंही तेच. चौघांचं एकदम ऐकायला आठ कान लागतात आणि ते फक्त ब्रह्मदेवाला असतात.

ओटीवर वाजतो तो अल्बम त्यांच्या मुलीचा, सुलूचा. लहानपणी एसटीने अलिबागला व्हायोलिन शिकायला जाणारी ही मुलगी आता जर्मनीत असते आणि तिथल्या तिघांबरोबर व्हायोला वाजवते. व्हायोला म्हणजे, नानांच्या शब्दांत, "व्हायोलिनची थोरली बहीण. अंगानं भरलेली, स्वभावानं गरीब." तिने पाठवलेली सीडी वाजवायला घरात यंत्र नाही, म्हणून ती देवघरात असते. दसऱ्याला तिला फूल मिळतं.

संगीत नवं, आजच्या काळातलं. चाल आता लागेल, मग लागेल, असं म्हणता म्हणता ते संपतं. पहिल्या दिवशी आमच्या हिने दाराच्या बिजागरीला तेल घालू का, असं विचारलं होतं. संपल्यावर नाना परीक्षा घेतात. तुमचं कुठे थांबलं, परत कधी सुरू झालं? तीस वर्षं मी शाळेत पेपर तपासले, पण त्या ओटीवर दोनदा नापास झालोय.

व्हायोला मात्र त्यांनी कुणाला दिला नाही. परवा आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, आज व्हायोला माझ्याकडे द्या. नाना बराच वेळ सुपारी कातरत बसले.

"मास्तर, मला तो सापडतच न्हाय," ते म्हणाले. "एकदाबी न्हाय. सुलू दर रविवारी फोनवर विचारते, बाबा, मी ऐकू आले का? मी व्हय म्हणतो."

मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी मनातल्या मनात त्यांची टिंगल करत होतो. घरी जाऊन सुलूला मेसेज केला, नानांचं नाव न घेता. अल्बममध्ये तू एकटीच वाजवतेस अशी जागा कुठे आहे? उत्तर आलं : पाचव्या तुकड्यात, चार मिनिटांनंतर. बाकीचे तिघं थांबतात. जेमतेम अर्धं मिनिट.

रविवारी दुपारी मी ती जागा लावली. तिघं थांबले. एकच आवाज उरला, जाडसर, संथ. नाना स्पीकरकडे वाकले. संपल्यावर म्हणाले, परत लावा. असं चार वेळा झालं. मी कौतुकाच्या शब्दांची वाट बघत होतो, पण नानांचा चेहरा काळजीने उतरला होता.

तेवढ्यात सुलूचा फोन आला. नानांनी मोबाइल स्पीकरपासून सोडवून कानाला लावला. तिने नेहमीचं विचारलं असावं.

"आलीस ऐकू," नाना म्हणाले. "पण बाय, ते वाजवलंस त्या दिवशी तू जेवली नव्हतीस ना?"