तळवटचा बांध आणि रिकामी तारीख

श्रीगजानन प्रसन्न. श्रोतेजनांनी सावध असावे. सांगणाराने पदरचे काही घातले नाही, गाळिले मात्र एक, ते शेवटी कळेल. शके एकोणीसशे त्रेचाळीस, प्लवनाम संवत्सर, तारीख मागाहून.

एक राज्य होते. राज्य लहान, अभिमान थोर. तेथे पूर्वापार चाल ऐसी की, रोज सकाळी नगारखान्याखाली दिनविशेष पुकारावा, आजच्या तारखेस पूर्वी काय घडले ते रयतेस कळवावे, आणि गोष्ट आनंदाची असली तर साखर वाटावी, दुःखाची असली तर पागोटी उतरून उभे राहावे, आणि दोहोंपैकी काहीही असले तरी त्या दिवशी सरकारी कामास कुदळ लावू नये, लाविल्यास चावडीवर हात बांधून बसवावे. राज्यात फारसे काही घडतच नसल्याने ही चाल कोणास जड नव्हती. बहुत दिवस रिकामे जात, आणि रिकाम्या दिवशी लोक कामे करीत. मग महाराजांच्या मनी आले की, शेजारच्या राज्यात रोज दिनविशेष आणि आमच्याकडे महिन्याकाठी एखादा, हे अब्रूस बरे नाही. मग विसाजीपंत दिनविशेषी यांस आज्ञा जाहली की, सगळ्या पृथ्वीवरचे आणा. पंत कामाचे खरे. त्यांनी देशोदेशी वकील पाठविले आणि लढाया, तह, बुडालेली गलबते, मेलेले बादशहा, चंद्रावर उतरलेली माणसे, ऐसे सर्व गोळा करून तारखातारखांत कोंबिले, आणि महाराज संतोष पावले.

त्या राज्यात तळवट नामे गाव. गावाच्या उशाशी सरकारी तलाव, आणि त्याच्या बांधास चीर पडली. गावचा जागल्या रखमाजी चिरेत गवत आणि चिखल कोंबीत बसला, आणि बायको भिवराबाई हिला दुरुस्तीचा हुकूम आणण्यास दरबारी धाडिले. ती आली तो दिवस नेमका पेचाचा. पश्चिमेकडील एका मुलखात त्याच तारखेस एका साली बादशहाने तख्त सोडिले, दुसऱ्या साली गुंडांनी निरपराधांची दुकाने फोडिली आणि प्रार्थनास्थळे जाळिली, आणि तिसऱ्या साली शहर दुभंगणारी भिंत पडून लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. आता साखर वाटावी की पागोटी उतरावी, यावर मुत्सद्दी घसा बसेतो भांडले, आणि मग ठरले की साखर वाटावी, परंतु ती पागोटे काढून खावी. इतक्यात भिवराबाई पुढे होऊन बोलली, "म्हाराज, ती भित मान्सांनी पाडली. आमचा बांध पानी फोडंल. निस्ता हुकूम द्या, कुदळी आमच्या."

विसाजीपंत गोड बोलिले, "बाई, आज कसे होईल? आजचा दिवस फार भरलेला आहे."

"मंग उद्या?"

"उद्या एका महाकवीची पुण्यतिथी."

"परवा?"

"परवा तर ज्वालामुखी!"

"पंत, तुमच्या जगात कंदी कुनी सुकानं बसलं न्हाई का हो?" ऐसे बाईने विचारिले, तेव्हा महाराजांस हसू आले आणि लाजही वाटली. मग त्यांनी फर्माविले की, पंतांनी एक रिकामी तारीख काढून द्यावी. पंतांनी शोध शोध शोधिले आणि एक तारीख काढिली, जिच्यात पृथ्वीवर कोणी काही केल्याचे त्यांस ठाऊक नव्हते. ऐसी तारीख आपल्या हातून राहिली याचे त्यांस वैषम्य वाटले, परंतु हुकूम दिला. भिवराबाई आनंदाने घरी गेली.

ती तारीख उजाडली. तळवटचे लोक कुदळी घेऊन बांधावर चढले, पहिल्या पाट्या पडल्या, आणि इतक्यात राजधानीचा स्वार धापा टाकीत आला. पंतांच्या वकिलाचा निरोप पोचला होता की, याच तारखेस फार वर्षांमागे दूरदेशी एक धरण फुटून शहरच्या शहर वाहून गेले. तारीख भरली म्हणून पंतांस हर्ष जाहला. दिवस दुःखाचा म्हणून त्यांनी तो आवरिला. स्वार ओरडला, "कुदळी खाली! पागोटी उतरा! धरण फुटून मेले, त्यांस मान द्या!" लोकांनी कुदळी ठेविल्या, माना खाली घातल्या.

"आरं, हितं बी त्येच व्हनार हाय!" भिवराबाई म्हणाली.

"बाई, मेलेल्यांचा मान राखा," स्वार म्हणाला.

मग ऐसी शांतता जाहली की चिरेतले पाणी ऐकू येऊ लागले. एकटा रखमाजी चिरेस खांदा लावून होता. त्याने पाण्याचा जोर ओळखिला आणि "पळा!" म्हणून हाक दिली, आणि लोक पळाले, गावात हाळी देत टेकाडावर चढले, आणि बांध फुटला. गाव वाहून गेला, माणसे वाचली, रखमाजी वाचला नाही. बखर लिहिणाराने तटस्थ असावे म्हणतात. आमच्याने येथे राहवले नाही. फार वाईट झाले.

पुढल्या वर्षी त्याच तारखेस वरातीमागून घोडे निघाले. घरची गोष्ट मिळाली म्हणून पंतांनी फुटक्या बांधापाशी मंडप घातला, महाराज आले, आणि भिवराबाईस मानाची रुप्याची कुदळ दिली. बांध मात्र तसाच होता, कारण मधले सगळे दिवस भरलेले. पंत म्हणाले, "बाई, दोन शब्द बोला."

"माजा धनी ह्या दिशी गेला, त्ये मला कुनी पुकारून सांगाया नगं," ती बोलली. "तुमी समदं ध्यानात ठिवता, म्हून तर बांध तसाच ऱ्हायला."

आणि खाली उतरून तिने कुदळ मारिली. रुपे ते, वाकले. ते टाकून तिने मंडपवाल्याची लोखंडी कुदळ घेतली आणि पुन्हा मारिली. शिपाई हात बांधावयास दोरी घेऊन महाराजांकडे पाहू लागला. महाराजांनी मान हलविली, आणि शिपायाने दोरी ठेविली. मग गावकरी एकेक करून खाली उतरले आणि खणू लागले.

पंत लेखणी घेऊन धावले. "महाराज, आजच्या तारखेत हे काय म्हणून लिहू?"

महाराज बाईकडे पाहून बोलिले, "लिहाल तर पुढल्या वर्षी हिला पुन्हा थांबावे लागेल. खोडा. दूरदेशचे धरण खोडा, आपला बांध खोडा, बाईही खोडा. आज काही घडले नाही."

ऐसी ही तळवटची हकीकत. बांध पुरा जाहला, त्याखाली जोंधळा उभा आहे. तारीख कोणती म्हणाल, तर आम्हांस पक्की ठाऊक आहे, सांगत नाही. त्या दिवशी तेथे काम असते.