खंडेनवमीचा बॅकअप

वेल्ह्याच्या दूध केंद्राचा सर्व्हर सकाळच्या पहिल्या चहाच्या आधी गेला. जाताना त्याने कुणाला त्रास दिला नाही. एकदा टक् असा आवाज केला, पंखा थांबला आणि निळा दिवा विझला. त्या वेळी थंड टाकी काठोकाठ भरलेली होती, पुण्याला जाणारा टँकर दारात उभा होता आणि वाड्यावाड्यांवरून आलेले दुधाचे कॅन आवारात उन्हात मांडले जात होते.

टाकीची तोटी सर्व्हरने हुकूम दिल्याशिवाय उघडत नसे. ही सुधारणा होती.

"टाकी रिकामी झाल्याबिगर हे कॅन वतायचे कुठं?" केंद्राच्या अध्यक्षा सुलक्षणाबाईंनी प्रद्युम्नला विचारलं. प्रद्युम्न केंद्राचा संगणक अधिकारी. निरोप मिळताच भोरहून मोटारसायकल दामटत आला होता. "दुपारपतुर दूध नासलं तर ह्या बाया मला धरतील, आन् मी तुला. मंग तू भोरातच बस, हिकडं येऊ नगंस."

"काळजी करू नका, मॅडम. आपल्याकडे मोठ्या कंपन्यांचं बॅकअप सॉफ्टवेअर आहे. कोऱ्या मशीनवर अख्खं ऑफिस होतं तसं उभं करतं."

"मंग कर की हुबं. मुहूर्त काढायचा का?"

कोरं मशीन होतं. बॅकअपची डिस्कही होती. अडचण एवढीच, की ती कपाटात लाल फडक्यावर बसलेली होती आणि तिच्यावर हळदकुंकू होतं. कुठल्याशा खंडेनवमीला वजनकाट्याबरोबर तिचीही पूजा झाली होती, आणि पूजलेली वस्तू रोज रोज उपसायची कशी, म्हणून कुणी तिला हात लावला नव्हता. तेव्हापासून रोजचा बॅकअप सर्व्हरच्याच पोटात साठत होता. सर्व्हर गेला, त्याच्याबरोबर तोही गेला.

प्रद्युम्नने नमस्कार करून डिस्क पुसली आणि जोडली. सॉफ्टवेअरने आपलं काम चोख केलं. तासाभरात ऑफिस जसंच्या तसं उभं राहिलं. फक्त ते त्या खंडेनवमीचं होतं.

पडद्यावर धुक्यातला तोरणा आला. खाली सूचना सरकू लागली : उद्या दसरा, केंद्र एकच वेळ चालू राहील. कॅन घेऊन आलेल्या सगुणाबाईंनी खिडकीतून डोकावून पाहिलं, तर त्यांच्या नावापुढे अजून चार म्हशी होत्या.

"अगं बया, ही चंद्री! हिला जाऊन किती वरसं झाली." त्या पदर सावरत हसल्या. "हितं अजून दूध देती म्हनं."

बायकांची गर्दी झाली. कुणाला सासऱ्यांचं नाव दिसलं, कुणाला आपलं स्वतःचं लग्नाआधीचं. कॅन तापत होते, पण खिडकीपासून कुणी हलेना.

प्रद्युम्नने तोटी उघडण्यासाठी हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला. "आपण येथील कर्मचारी नाही," यंत्रातली बाई म्हणाली. सुलक्षणाबाईंनी त्याला बाजूला सारून आपला ठेवला. बाईने त्यांनाही तेच सांगितलं.

"मी अध्यक्ष हाय!"

"अजून झाला नाहीत, मॅडम," प्रद्युम्न हळूच म्हणाला. "हिला फक्त जुने सुपरवायझर चालतील. सावळाराम तात्या."

"त्यो खवीस?"

सावळाराम निवृत्त होऊन तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीत भातशेती करत होते. कॅनला झाकण नीट नसलं तर ते सबंध आवाराला ऐकू जाईल असं बोलत. निरोपाच्या सभेत सगळे त्यांना 'येत जा' म्हणाले होते आणि ते आले नव्हते. कारण त्यानंतर कुणी बोलावलं नव्हतं. टँकरचा ड्रायव्हर सोमनाथ प्रद्युम्नची मोटारसायकल घेऊन गेला, तेव्हा ते भात कापत होते.

"तात्या, चला. तुमचा अंगठा पायजे."

"निस्ता अंगठा? मंग तोडून ने."

तरीही ते आले. मात्र घरी जाऊन, दाढी करून, खाकी सदरा घालून आले. सदऱ्याची वरची दोन बटणं लागत नव्हती. आवारात पाय ठेवताच ते ओरडले, "कॅन सावलीत घ्या! डोळं फुटलं का काय?" आणि सगळे कॅन मुकाट्याने सावलीत गेले. ही गोष्ट सकाळपासून कुणालाच सुचली नव्हती.

सावळारामांनी ऐटीत अंगठा ठेवला.

"पुन्हा प्रयत्न करा."

त्यांनी पुन्हा केला. चौथ्यांदा प्रद्युम्नने त्यांचा हात उलटा करून पाहिला. विळ्याने आणि पेंढ्यांनी अंगठ्यावर एक रेघ शिल्लक ठेवली नव्हती.

सुलक्षणाबाई खाली बसल्या. "गेलं दूध."

"बायमाणसानं असं म्हनू नये," सगुणाबाई म्हणाल्या आणि केंद्राच्या विक्रीच्या तुपाचा डबा घेऊन आल्या. तात्यांचा अंगठा तुपात बुडवला, चोळला, पुसला, पुन्हा बुडवला.

"लगीन लावताय का माझं?" सावळाराम म्हणाले, पण हात काढून घेतला नाही.

"नमस्कार, सावळाराम," यंत्रातली बाई अखेर म्हणाली. "आपण उशिरा आला आहात."

तोटी उघडली. आता बाईला ड्रायव्हरचं नाव हवं होतं, आणि तिच्याकडे एकच होतं : कोंडिबा. कोंडिबा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"गेलेल्या माणसाच्या नावावर गाडी न्यायची?" सोमनाथ दचकला. "वाटंत पोलिसानं अडवलं तर?"

"सांग, कोंडिबा मागं झोपलाय. तो असाबी झोपायचाच." सावळाराम हसले, मग पडद्यावर त्या नावावरची धूळ बाहीने पुसली. "हळू ने. त्याच्या नावावर कंदी दूध सांडलं न्हाई."

टँकर गेला. कॅन टाकीत रिकामे झाले. प्रद्युम्नचा जीव भांड्यात पडला. आता सगळ्यांची नावं नव्याने भरायची होती आणि ती भरायला सुपरवायझरचा अंगठा लागत होता. सावळाराम खुर्चीत बसले, एकेकाला समोर उभं करून नाव विचारलं. प्रद्युम्नला त्यांनी शिकाऊ म्हणून घेतलं. सुलक्षणाबाईंना मात्र थेट अध्यक्ष केलं.

निघताना प्रद्युम्न त्यांच्यामागे धावला. "तात्या, जाताना अंगठा लावा. नाहीतर ती तुम्हाला कामावरच धरेल."

"धरू दे," सावळाराम म्हणाले आणि तुपकट अंगठा सदऱ्याला पुसत चालू लागले.

प्रद्युम्न यंत्रापाशी परत आला. तात्यांची हजेरी त्याला स्वतः बंद करता आली असती. त्याने नवी डिस्क जोडली आणि आहे तसाच बॅकअप घेतला.