मास्तर चालू झाले

बुधवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. तिसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर. टेबलाच्या अलीकडे इतिहासाचे मास्तर, हातात वही. पलीकडे त्यांची बायको, दवाखान्यातली नर्स, हातात पाण्याने भरलेला जग. मधे टेबलावर एक रिकामा ग्लास आणि मास्तरांनी शाईच्या पेनाने लिहिलेली चौदा पानी टिपणं.

टिपणं संगणकावरची होती. शाळेने इतिहासाचे तास निम्म्यावर आणले होते आणि उरलेल्या वेळात मास्तरांनी नववीला ‘संगणकाची ओळख’ शिकवावी असं ठरवलं होतं. (मास्तरांची स्वतःची ओळख झाली आहे का, हे विचारण्याची तसदी कुणी घेतली नाही.) शाळेत दोन वर्षांपूर्वी बारा संगणक आले होते, पण ते खोक्यांतच होते, कारण खोलीत प्लग बसवायचे राहून गेले होते. खोलीचं उद्घाटन मात्र झालं होतं, तेही दोनदा. आज अकरा वाजता तपासणी अधिकारी वर्गात येऊन बसणार होते. धडा फसला तर मास्तर जादा ठरणार आणि त्यांची बदली दोन तासांच्या अंतरावरच्या शाळेत होणार, हे मुख्याध्यापकांनी त्यांना चहा पाजून सांगितलं होतं.

पुस्तकातला पहिला धडा यंत्राशिवाय शिकवण्याजोगा होता. एकाने संगणक व्हायचं, दुसऱ्याने हुकूम सोडायचे. संगणकाने विचार करायचा नाही, सांगितलं तेवढंच करायचं. त्याची रंगीत तालीम घरीच करावी, असं मास्तरांच्या मनाने घेतलं.

“डोकं अजिबात चालवायचं नाही ना?” बायकोने खात्री करून घेतली. “मग सोपं आहे. लग्न झाल्यापासून तुम्ही तेच सांगताय.”

सुरुवात झकास झाली. खुर्चीवर बस म्हटल्यावर ती बसली. ऊठ म्हटल्यावर उठली. जग उचल म्हटल्यावर तिने जग उचलला. मग मास्तरांनी वहीतला चौथा हुकूम वाचला: मी बस म्हणेपर्यंत ग्लासात पाणी ओत. ग्लास काठोकाठ भरला, तेव्हा मास्तर ऐटीत म्हणाले, “बस.”

ती खुर्चीवर बसली. जग तसाच तिरका, धार तशीच चालू.

मास्तर म्हणाले, अगं बस. ती तर बसलेलीच होती. मग ते पुरे म्हणाले, राहू दे म्हणाले, शेवटी हात जोडले. यातलं काहीच वहीत नसल्यामुळे संगणक ढिम्म हलला नाही. पाणी ग्लासातून टेबलावर, टेबलावरून टिपणांवर आलं आणि चौदा पानांची मिळून एकच निळी चादर झाली. जग रिकामा झाल्यावरही तिने तो तिरकाच धरून ठेवला होता. साडेसातला मात्र ती आपणहून बंद पडली, कारण आठची ड्यूटी होती.

“दवाखान्यात डॉक्टरांचं लिहिलेलं आम्ही दोनदा विचारून मगच करतो,” चपला घालता घालता ती म्हणाली. “तुमच्यासारखं कुणी लिहून दिलं तर वॉर्ड रिकामा होईल. आणि मुलांना संगणक करू नका. बत्तीस आहेत ती. तुम्हीच व्हा, म्हणजे एकच भिजेल.”

सल्ला बायकोचा असल्यामुळे मास्तरांनी तो आधी मनातल्या मनात फेटाळला आणि मग तंतोतंत अमलात आणला. अकरा वाजता अधिकारी मागच्या बाकावर टेकले. मास्तरांनी वर्गाला सांगितलं की मी संगणक, तुम्ही हुकूम द्यायचे. ‘बस’ त्यांनी कायमचा बाद केला होता. थांबवायचा शब्द एकच, ‘थांब’, असं त्यांनी फळ्यावर ठळक लिहिलं आणि वर बजावलं, की एका अक्षराचा फरक पडला तरी संगणकाला कळत नाही.

पहिल्या बाकावरच्या वकीलबाई उठल्या. (हे तिचं वर्गातलं नाव. ती प्रत्येक उत्तराला पोटकलमं जोडायची.) तिने मास्तरांना फळ्याकडे तोंड करायला लावलं आणि थांब म्हणेपर्यंत पुढे चालत राहायचा हुकूम दिला. मास्तर चालू लागले. फळा एका हातावर आला तेव्हा ती अदबीने म्हणाली, “सर, थांबा.”

फळ्यावर ‘थांबा’ नव्हतं. मास्तर फळ्यावर आदळले आणि जागच्या जागी पावलं टाकत राहिले. बत्तीस मुलं एका सुरात “सर, थांबा” म्हणू लागली. अधिकारी उठून म्हणाले, अहो मास्तर, थांबा. गडबड ऐकून आलेला शिपाईही थांबा म्हणाला. खोलीत पस्तीस माणसं होती आणि मास्तरांना अरेतुरे करायची एकाचीही छाती होत नव्हती. मास्तरांचं नाक फळ्याला, चष्मा कपाळावर. पण बदली टाळायची तर संगणकाने नियम मोडून चालणार नव्हतं.

“म्हण ना गं,” मागून कुणीतरी वकीलबाईला ढोसलं.

“सरांना? घरी कळलं तर?”

शेवटी तिने डोळे मिटले, कान पकडले आणि ती पुटपुटली, “थांब.”

मास्तर थांबले. वर्ग बाकं बडवत हसला. अधिकारी डोळे पुसत म्हणाले, एका अक्षराची किंमत इतकी पक्की समजावलेली मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. मुख्याध्यापकांनी मास्तरांना पुन्हा चहा पाजला. मास्तर घरी गेले ते बदली टळल्याच्या आनंदात, नाकाला खडू लावूनच.

आठवड्याने तपासणीचा अहवाल आला. वर्गात प्रत्यक्ष दिसलेले संगणक: एक. स्थिती: चालतो, पण थांबत नाही. शेरा: फार जुना आहे, बदलून मिळावा.

हे मी लिहिलेलं नाही, असं अधिकारी म्हणतात. मुख्याध्यापक म्हणतात, अक्षर आपलं नाही. शिपायाला लिहिता येत नाही. मग हे लिहिलं कुणी, याचा खुलासा आजतागायत कुणीही केलेला नाही.