शाणूभाऊंचं सरळ घर

शाणूभाऊ कोणाकडेही गेले की लगेच बसत नाहीत. आधी खिशातून एक सुपारी काढतात. कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, ढिगातून मुद्दाम गोल बघून निवडलेली. "कल बघूया," म्हणत ती फरशीवर ठेवतात आणि ती कुठे घरंगळते ते वाकून पाहतात. मगच चहाला हो म्हणतात.

आमच्याकडे सुपारी दर वेळी फ्रिजखाली जाते. "वहिनी, तुमचें घर पश्चिमेक वता," असं ते इतक्या हळहळीने सांगतात की जणू घर कोणाचा हात धरून पळून चाललं आहे. डिचोलीच्या बँकेत त्यांची सुपारी मॅनेजरच्या टेबलाखाली गेली, तेव्हा शिपायाने त्यांना बाहेर बसवलं. एका साखरपुड्यात तर नवऱ्यामुलाच्या पाटाशेजारी त्यांनी ती सोडली. मुलीच्या आजोबांनी विचारलं, "शाणू, मुलगा बघायला आलास की लादी?" शाणूभाऊ म्हणाले, "मुलगो बरो आसा. लादी ना."

मुलांनो, तुम्ही आलात की तुम्हालाही हा माणूस गमतीदार वाटतो. आम्हीही हसत होतो. म्हणून हे लिहून ठेवते.

शाणूभाऊ तरुणपणी खाणीवर ट्रक चालवत. शेताच्या कडेला त्यांना घर बांधायचं होतं, तिथली जमीन खोल होती. खाणीतून निघालेली टाकाऊ माती त्यांनीच ट्रकमधून आणली, खड्डा भरला आणि वर चिऱ्यांचं घर उभं केलं. काही वर्षांनी भराव बसू लागला. न्हाणीकडचा कोपरा खचला, भिंतीला जिना काढल्यासारखी चीर गेली. त्यांनी चिरेवर सिमेंटने काचेची पट्टी चिकटवली. पट्टी फुटली की समजायचं, भिंत हलली. पट्ट्या फुटत, ते नव्या लावत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला फुटलेल्या काचा दाखवत.

याच सुमारास त्यांच्या बायकोची, रुक्माबायची, नजर मधुमेहाने हळूहळू गेली. मूलबाळ नाही. घरात दोघंच. रुक्माबाय मात्र काठीसुद्धा न घेता घरभर फिरायची. चूल, न्हाणी, मागचं दार, परसातली आबोली. आबोलीचे वळेसर ती बोटांनी चाचपून गुंफायची, आणि मी गेले की पावलावरून ओळखून म्हणायची, "आज चप्पल नवी गे?"

शाणूभाऊंना एकच भीती होती: त्या उतरत्या फरशीवर ती एक दिवस घसरून पडेल. सुपारीचं वेड तिथून लागलं, हे मला फार उशिरा कळलं.

कोणीतरी सुचवलं, तो कोपरा पाडून टाका. ते चिडले. मग पणजीहून एक तरुण इंजिनियर आला. त्याने नवी पद्धत समजावली. जाड पोलादी दांडे, खालच्या टोकाला मळसूत्रासारखी वळलेली पाती. यंत्राने ते पिळत पिळत भरावाच्या खालच्या कठीण थरापर्यंत न्यायचे. वर लोखंडी कंसाने घराचा पाया त्यांच्यावर टेकवायचा आणि जॅक लावून खचलेली बाजू हळूहळू वर घ्यायची. शाणूभाऊंनी त्याला एकच प्रश्न विचारला, "इस्क्रू भुंयेंत घट्ट बसतलो मरे?"

रुक्माबायला इब्रामपूरला भावाकडे पाठवून काम झालं. मी बघायला गेले होते. घर कण्हल्यासारखा आवाज करत केसाकेसाने वर येत होतं आणि शाणूभाऊ हात जोडून उभे होते. शेवटी त्यांनी सुपारी ठेवली. ती जागची हलली नाही. त्या दिवशी त्यांनी अख्ख्या वाड्यावर पेढे वाटले. "डिचोलेंत इतलें सरळ घर दुसरें ना," असं ते पोस्टमनलाही सांगत होते.

रुक्माबाय परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीकडे निघाली ती कपाटावर आदळली. वळली, तर देवघराच्या दारात पोचली. शाणूभाऊ धावत आले तेव्हा ती घराच्या मध्ये हात पुढे करून उभी होती. "आयकलें?" तिने हाक मारली. नवऱ्याला ती याच शब्दाने हाक मारायची. "तुमी म्हाका खंय हाडल्या? हें आमचें घर न्हय."

तेव्हा उलगडा झाला. इतकी वर्षं ती तळपायांनी चालत होती. पाय खाली उतरू लागले की न्हाणी, चढू लागले की चूल. तिला स्वतःलाही हे ठाऊक नव्हतं. त्या सरळ घरात तिला कुठलीच दिशा उरली नव्हती. ती बाल्कांवातल्या, दारापुढच्या ओसरीतल्या, खुर्चीत बसून राहू लागली. शाणूभाऊ हात धरून नेत, पण ते तिला आवडत नसे. आबोली झाडावरच सुकायला लागली.

शाणूभाऊंनी इंजिनियरला फोन केला. "एक इस्क्रू इल्लो सैल करपाक जाता?" तो म्हणाला, "काका, मी घर वर काढतो. खाली पाडायला दुसरी माणसं असतात."

मग त्यांनी दोडामार्गचा गवंडी बोलावला आणि खोलीपासून न्हाणीपर्यंत फरशीवर सिमेंटचा थर द्यायला सांगितला, एका बाजूला उतरता. गवंड्याने थापी खाली ठेवली. "भाऊ, माझ्या हातान वाकडा काम कधी झाला नाय. लोक माझा नाव घालवतले."

"तुजें नांव हांव सांगचो ना. घाल."

रुक्माबाय पुन्हा माहेरी गेली आणि सिमेंट पक्कं झाल्यावर आली. मी चौकशीला गेले तेव्हा शाणूभाऊ दारात उभे होते. त्यांनी मला ओठांवर बोट ठेवून थांबवलं. आत ती भिंतीला हात न लावता चालली होती. मध्येच थबकली. उजवा पाय थोडा पुढे करून तिने जमीन चाचपली.

"आयकलें? घर परत खचलें?"

"खचलें गो," शाणूभाऊ म्हणाले. "इस्क्रू फुकट गेले."

"इस्क्रू घातले तेन्नाच म्हाका कळिल्लें," ती म्हणाली. आवाजात कुठे वाईट वाटल्याचं नव्हतं. मग ती न्हाणीवरून पुढे गेली, मागच्या दाराची कडी तिने पहिल्याच प्रयत्नात काढली आणि परसात उतरली.

शाणूभाऊ माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले.

"वहिनी," ते म्हणाले, "गांवांत कोणें विचारलें तर सांगा, शाणूचें घर वांकडेंच आसा."